न ऐकलेली बातमी

मी बी.ए. झालो त्याच उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. आमच्या खाडीकाठच्या गावातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि हे मी लाजत सांगणार नाही. आजोबांनी मिठागरात मीठ ओढलं, बाबांनीही तेच केलं आणि वर दोन खाचरं भाताची केली. मी ठाण्याच्या शाळेत मास्तर झालो. गावी गेलो की लोक बांधावरून खाली उतरून मला वाट देतात. मला ते आवडतं, आणि आवडत नाही असं म्हणणं मला जमत नाही.

शाळेत वरच्या वर्गाला दरवर्षी मला एक गोष्ट शिकवावी लागते. नाटकात किंवा कथेत काही वेळा असं होतं, की पाहणाऱ्याला सगळं ठाऊक असतं आणि ज्याच्यावर बेतलं आहे त्यालाच काही ठाऊक नसतं. तो हसत हसत जेवायला बसतो, आणि त्याच्या ताटात काय वाढून ठेवलंय ते आपल्याला माहीत असतं. इंग्रजीत याला भारदस्त नाव आहे. ते मी फळ्यावर लिहितो, मुलं वहीत उतरवून घेतात, आणि परीक्षेत बरोबर लिहितात. मीही मुंबईला असंच उतरवून घेतलं होतं. आमचे प्रोफेसर साहेब खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून सांगत, की प्रेक्षकाला मिळणारं हे सुख देवाच्या सुखासारखं आहे, कारण त्याला वरून सगळं दिसतं.

सुट्टीत घरी आल्यावर मी ते आईला सांगितलं होतं. शिकलेल्या मुलाने आईला काहीतरी सांगावं, तिने तोंडात बोट घालावं, एवढीच माझी अपेक्षा. आई तेव्हा शेजारणींबरोबर भात सडत होती. मुसळ न थांबवता म्हणाली, "मग त्यात नवीन काय? कहाणी तशीच सांगायची असते."

तिच्या कहाण्या गावात प्रसिद्ध होत्या. त्यातली एक मी लहानपणापासून ऐकलेली. एका बहिणीचा भाऊ परमुलखात गेलेला. तिकडे त्याला देवी येतात, चेहरा ओळखू येईनासा होतो. परत येतो तो लाजेपायी नाव सांगत नाही, बहिणीच्याच खळ्यावर झोडणीच्या कामाला राहतो. बहीण रोज संध्याकाळी बांधावर येऊन उभी राहते आणि या कामकऱ्याला म्हणते, "सरक जरा बाजूला. माझ्या भावाची यायची वाट दिसत नाय." तो सरकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

कामकरी म्हणजे भाऊच, हे आई कहाणीच्या सुरुवातीलाच सांगून टाकायची. मी तिला त्या दिवशी विचारलं, "ते शेवटी सांगितलंस तर जास्त मजा येईल ना?"

"शेवटी सांगितलं तर बाया एकदाच दचकतील नि उठून जातील," आई म्हणाली. "आधी सांगितलं की त्या बांधावर तिच्या शेजारी उभ्या राहतात."

शेजारची काकू, जिचं आणि आईचं कुंपणावरून कायम वाजायचं, ती सूप पाखडता पाखडता म्हणाली, "माझा तर जीव नुसता तुटतो. वाटतं, कोणीतरी सांगा गो तिला!"

"तूच सांग जाऊन," आई म्हणाली. "तुझा आवाज जाईल तिथपर्यंत." सगळ्या हसल्या.

बहिणीचं लग्न जेठात, त्या हंगामातल्या शेवटच्या मुहूर्तावर ठरलं. हा चुकला की पुढे पावसाळा, म्हणजे चातुर्मास, म्हणजे सगळं दिवाळीपलीकडे. आणि मोडून पुढे ढकललेल्या लग्नाला आमच्याकडे कोणी पुढे ढकललेलं म्हणत नाही, मोडलेलंच म्हणतात. नवरामुलगा खाडीपलीकडच्या गावचा. वऱ्हाड होड्यांतून येणार, गोरजवेळी लग्न लागणार आणि लगेच भरती धरून नवरीसकट परत जाणार. भरती कोणासाठी थांबत नसल्यामुळे सगळं वेळेवर व्हायला हवं होतं.

मामा येणार होता खडवलीकडून. आईचा एकुलता भाऊ. आमच्याकडे नवरीचं पिवळं लुगडं मामाने आणायचं आणि मामानेच तिला हाताला धरून मांडवात न्यायचं, ही रीत. मामाने हे लुगडं दिवाळीतच घेऊन ठेवलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ते दाखवी, घडी मोडू देत नसे. आईला निरोप पाठवी, "काठ बघशील तर डोळे फाटतील."

लग्नाच्या दिवशी दुपारी मांडवाबाहेर एक माणूस येऊन उभा राहिला. मामाच्या भाऊबंदांपैकी, त्याचा चुलतभाऊ. कल्याणपासून उन्हातून चालत आलेला, पाय धुळीने पांढरे. काखेत गाठोडं. आई लगबगीने पुढे झाली, हातात पाण्याचा तांब्या.

"या या! आणि हा कुठं मागं राहिला?"

"जरा कणकण आहे अंगात," तो म्हणाला. "लुगडं पुढं घेऊन जा म्हनला. उतार पडला की येतो मागनं."

"कणकण? आजच बरी आली त्याला! लग्नाला यायचं म्हटलं की याचं अंग दुखतं. पाणी घ्या."

"तहान नाय मला," तो म्हणाला, आणि गाठोडं मांडवाच्या खांबापाशी जमिनीवर ठेवलं. मग बाबांना म्हणाला, "जरा हिकडं या. भाचेबुवा, तुम्हीबी."

आम्ही त्याच्यामागून निघालो. निघताना मी पाहिलं, तांब्यातलं ते पाणी आईने त्या गाठोड्यावर ओतलं. शेजारची काकू ओरडली, "अगं येडे! कोरं लुगडं भिजवलंस!"

"वाटेची धूळ किती बसलीय बघ," आई म्हणाली. "उन्हात घटकेत वाळेल."

पेंढ्याच्या उडवीमागे नेऊन त्या माणसाने आम्हाला सांगितलं. मामा पहाटे गेला होता. विहिरीवर गेला, छातीत कळ आली, तिथेच बसला आणि संपला.

बाबा जमिनीवर बसले. तो माणूस त्यांच्यापासून चार हात लांब उभा राहून म्हणाला, "वहिनी म्हनली, बहीण येणार असली तर दिवस मावळेपर्यंत ठेवतो. तोंड बघून जाऊ दे तिला. आता गाडी जुंपली तर पोचेल. नाय म्हणाल तर आम्ही मागं फिरलो की उरकून घेतो. उन्हाळ्याचे दिवस हायत."

दोन्ही गोष्टी एकाच सूर्यावर होत्या. दिवस मावळताना बहिणीचं लग्न, दिवस मावळेपर्यंत मामाचं तोंड.

भटजी सांगत, मांडवात उंबराची डहाळी रोवून देवक बसलं की कार्य होईपर्यंत सुतक लागत नाही. आमच्या गावाला हे मान्य नव्हतं. आमच्या गावाचं मत असं, की आईच्या कानावर पडलं की लागलं. कानावर पडलं नाही तोवर ती शुद्ध. आणि समजा गावाने मानलं असतं, तरी वऱ्हाडाने मानलं नसतं. ज्या नवरीचा मामा लग्नाच्या दिवशी गेला तिला घरात घ्यायला कुठलीही सासू दहा वेळा विचार करील.

"आज नाय सांगायचं," बाबा म्हणाले.

"बाबा, भाऊ आहे तिचा. तिचा हक्क आहे."

"हक्क हाय. पोरीचाबी हाय."

"तिला विचारू तरी. जायचं का राहायचं ते तिला ठरवू दे."

"विचारलं की सांगितलंच ना रं! विचारायचं कसं?" बाबा माझ्याकडे बघत राहिले. "तू एवढा शिकलास. सांग, कसं विचारायचं?"

 पाहुणा तसाच, पाणी न पिता, बांधाबांधाने परत गेला. मी त्याला एवढंच म्हटलं, की दिवस मावळेपर्यंत थांबा. का म्हटलं ते माझं मलाच धड ठाऊक नव्हतं.

बाबांनी एकीलाच सांगितलं, धवलारणीला. आमच्याकडे धवळे गाऊन लग्न लावते ती बाई. मांडवात तिचाच शब्द चालतो, म्हणून तिला सांगणं भाग होतं. तिने एकीला सांगितलं असावं. थोड्या वेळात मांडवातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक झालं होतं. ठाऊक नव्हतं ते आईला आणि बहिणीला.

माझ्या प्रोफेसरांनी सांगितलेलं देवाचं सुख मला त्या दुपारी पूर्ण मिळालं. सगळं दिसत होतं. आई चुलाणापाशी उभी राहून भात बघत होती आणि कोणी आत आलं की विचारत होती, "माझा भाऊ आला का गो?" प्रत्येकजण वेगळं काही सांगे. एक म्हणाली, गाडी मानपाड्यापाशी दिसली म्हणतात. दुसरा म्हणाला, कल्याणला बैलाचा पाय मुरगळलाय. आई म्हणाली, "आधी त्याला कणकण होती, मग गाडी निघाली, मग बैल लंगडला. काय ते एक ठरवा ना!" कोणी हसलं नाही. हसायला हवं होतं, म्हणून मग दोघी-तिघी उशिराने हसल्या.

शेजारची काकू एक शब्द न बोलता आईच्या हातातली परात घेऊन गेली, भाजी चिरून दिली, राख भरली.

"काय गो, आज जीभ घरी ठेवून आलीस?" आईने तिला विचारलं. "कुंपणाचं काय ते उद्या पुन्हा आहेच."

काकू पदराआड तोंड धरून मागच्या दारी गेली. धूर लागला म्हणाली.

मग धवळे सुरू झाले. त्यात मामाचा धवळा येतो. मामा किती लांबून आला, लुगडं कसं आणलं, असा. धवलारीण तो गाळील असं मला वाटलं. तिने गाळला नाही. गाळला असता तर आईच्या लक्षात आलं असतं. ती म्हातारी डोळे मिटून, आवाज जराही न हलवता, मामा आला म्हणून गायली. बाकीच्या बायकांना पुढची ओळ उचलायची असते. ती त्यांना उचलता येईना. आईने चुलाणापासून आवाज लावला आणि एकटीने ती ओळ उचलली.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मुंबईला नाटकगृहात आम्ही बाकांवर बसत होतो. नायक चुकीच्या माणसावर विश्वास टाकी, आमची छाती धडधडे, आणि घरी येताना आम्ही म्हणत असू, काय सुरेख खेळ झाला. ते सुरेख वाटत होतं कारण आम्हाला उठून रंगभूमीवर जायची सोय नव्हती. मध्ये दिवे होते, पैसे देऊन तिकीट काढलेलं होतं, पुढे काय व्हायचं ते लिहिलेलं होतं. इथे मध्ये काहीच नव्हतं. आई माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होती आणि सूर्य अजून ताडाच्या शेंड्यावर होता. ज्या प्रेक्षकाला बोलता येतं तो प्रेक्षकच राहत नाही. हे कुठल्या पुस्तकात मला सापडलेलं नाही, आणि म्हणून ते मी वर्गात माझं म्हणून सांगतो.

मी ठरवलं, सांगायचं. मागच्या अंगणात गेलो. आई दोरीवरून पिवळं लुगडं काढत होती. वाळलं होतं. एका कडेला हळदीचा रंग थोडा उतरला होता, खाली जमिनीवर पिवळा ओघळ सुकला होता.

"आये," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. लुगड्याची टोकं जुळवत म्हणाली, "धर हिकडनं."

मी दुसरं टोक धरलं.

"आये, मला तुला एक—"

"घट्ट धर, सुरकुती पडते. तुला कायतरी सांगायचं असलं तर अक्षता पडल्यावर सांग. आता मला कान नाय."

"आत्ताच सांगायला पाहिजे. नंतर उपयोग नाही."

"मग नको सांगू," आई म्हणाली. घडी करत करत ती माझ्याजवळ आली आणि माझ्या हातातलं टोक तिने काढून घेतलं. "काठ बघ कसा आहे. खोटं नव्हता सांगत."

आणि ती आत गेली. मी तिथे उभा राहिलो. तिला कळलेलं नाही, कामाच्या गडबडीत आहे, असंच तेव्हा मला वाटलं. तरीही मी तिच्यामागून गेलो नाही.

वऱ्हाड आलं. बहीण पिवळं लुगडं नेसली. मामाच्या जागी तिला मांडवात न्यायला कोण, असा प्रश्न आला तेव्हा आई म्हणाली, "भाऊ नेईल. उशीर झालाय मामाला." मी नेलं. गुरं घरी येत होती, धूळ उडत होती, खाडीवर लाल उजेड होता. अक्षता पडल्या. त्याच वेळी तिकडे नदीवर काय चाललं असेल हे मांडवातल्या अर्ध्या लोकांना ठाऊक होतं. तेही अक्षता टाकत होते.

जेवणं झाली नाहीत तोच नावाडी ओरडायला लागले. भरती आली होती. बहिणीला घेऊन सगळे बंदराकडे निघाले. दिवे लागले होते. आई मागे रेंगाळली आणि तिने माझं मनगट धरलं.

"सांग आता," ती म्हणाली.

"काय?"

"दुपारी सांगणार होतास ते. लवकर सांग, होडी सुटायच्या आत."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला समजलं की तिला ठाऊक आहे. दुपारपासून ठाऊक आहे.

"तुला माहीत आहे ना, आये?"

"मला काय माहीत? मला कोणी सांगितलंय?" तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "कोणीतरी सांग रं. सांगितल्याबिगर मला रडता येत नाय. आणि आता पोरगी चाललीय. आता रडले तर ते म्हणतील, पोरीसाठी रडते."

मी सांगितलं. तिच्या कानाशी वाकून, एका वाक्यात.

आई बंदराच्या दगडावर बसली आणि रडली. मी माझ्या आईला तसं रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. शेजारची काकू तिला धरून बसली, तीही रडली, मग आमच्या गावच्या सगळ्याच बाया. होडीतून बहीण रडत होती, आईकडे हात करत होती. नवऱ्यामुलाची आई चांगली बाई होती. ती चिखलातून पुन्हा वर आली आणि आईच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "एवढं नका मनाला लावून घेऊ. लांब का आहे? भरतीगणिक होडी असते. हवं तेव्हा येऊन तोंड बघून जा."

आईने मान डोलावली. "हो," म्हणाली, "हवं तेव्हा."

दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून आम्ही खडवलीकडे निघालो. वाटेत मी विचारलं, कसं कळलं?

"त्याने गाठोडं माझ्या हातात नाय दिलं," आई म्हणाली. "भुईवर ठेवलं. एवढ्या उन्हातनं आला आणि पाणी नाय घेतलं. ज्याला सुतक असतं तोच तसं करतो. तोंडाने खोटं बोलला बिचारा, पण मला शिवला नाय. बाकीचे होते कुठं बघायला? सगळे लुगडं बघत होते."

म्हणून, सुतकाचा विटाळ धुवायला, तिने ते पाणी ओतलं होतं. मी ते पाहिलं होतं. बाबांनीही पाहिलं होतं. सगळ्या मांडवाने ते लुगडं दोरीवर वाळताना पाहिलं होतं आणि तिची कीव केली होती. आम्ही समजत होतो, की आम्ही बाकांवर बसलोय आणि ती दिव्यांपलीकडे आहे.

"मग सारखं विचारत का होतीस, भाऊ आला का म्हणून?"

"विचारायचं थांबले असते तर तुम्ही ओळखलं असतं. मग कोणीतरी मला सांगितलं असतं. तूच आला होतास की धावत."

 मग मी म्हटलं, "काल दुपारीच निघते म्हटली असतीस तर तोंड दिसलं असतं. दिवस मावळेपर्यंत थांबले होते ते."

"थांबले होते?" हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. ती गाडीच्या दांडीला धरून बसली. बैल चढ चढत होते. वर पोचल्यावर ती म्हणाली, "तरी नसते आले. लुगडं मग कोण नेसलं असतं?"

मामाच्या घरी ओसरीवर बाया बसल्या होत्या. मामी कोपऱ्यात होती, कपाळ पांढरं. दोघी गळ्यात पडल्या, रडल्या, थांबल्या. मग मामीने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "दिसलं कसं लुगडं?"

आईने मांडी घातली. "सांगते," म्हणाली. आणि तिने सगळं सांगितलं, पहिल्यापासून. लुगडं आलं तेव्हा मामा गेला होता, हे आधी. मग गाठोडं, मग तांब्या, मग काकू काय म्हणाली ते, बैलाचा मुरगळलेला पाय, उन्हात धरलेला काठ, गोरजवेळी त्या पिवळ्यावर पडलेला उजेड. ओसरीवरच्या प्रत्येकीला शेवट ठाऊक होता. मामी गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत होती, आणि आई जरा थांबली की म्हणत होती, "मग? पुढं सांगा."